लाल रेघ खाली

शुक्रवार, ६ ऑक्टोबर

आमच्या गुरुवारच्या बैठकीतल्या त्यार्कचा फोन आला. पंचवीस नोव्हेंबरला, शनिवारी, शहरातल्या त्या जुन्या, रिकाम्या पाण्याच्या टाकीत कार्यक्रम आहे आणि चाळीस मिनिटं माझी. एकटीची! सहा वर्षं या सिंथेसायझरच्या पेटीशी खेळतेय, आजवर कुणी दहा मिनिटांच्या वर दिली नव्हती. मी "बघते, विचार करून सांगते" म्हणाले आणि फोन ठेवून स्वयंपाकघरात चक्क नाचले.

मग पेटी उघडली. आत सुटी यंत्रं, म्हणजे मॉड्यूल, रांगेने बसवायची असतात, आणि खालच्या रांगेत उजवीकडे चार बोटं रुंद भोक आहे. गेल्या वर्षी तिथला जुना डिले विकला आणि नवा काही घेतला नाही. कारण काय, तर ठरत नाही. डिले म्हणजे करतो काय, आवाज घेतो आणि थोडा वेळ थांबवून परत देतो, एकदा, दोनदा, पाहिजे तितके वेळा. एवढंसं काम. पण प्रत्येकाची परत द्यायची तऱ्हा निराळी असते, आणि आमच्यातली माणसं त्यावरून वर्षानुवर्षं भांडतात. मी दुकानात रोज लोकांना चष्म्याच्या तीन फ्रेममधली एक पाच मिनिटांत निवडून देते. स्वतःसाठी मात्र माझी अक्कल गहाण पडते.

नावं कागदावर यावीत असे तीन आहेत. एक नवा डिजिटल, दिलं तसंच स्वच्छ परत देणारा. दुसरा जुन्या टेपसारखा किंचित डुगडुगणारा. तिसरा आमच्या ओट्टोकारचा, हाताने बनवलेला.

सोमवार, ९ ऑक्टोबर

दुकानातून लवकर सुटले आणि वाद्यांच्या दुकानात जाऊन पहिले दोन ऐकून आले. डिजिटलवाला निर्दोष आहे. म्हणजे इतका निर्दोष की कंटाळा येतो. टेपवाला आवडला, पण पाच मिनिटांनी त्याचं डुगडुगणं नाटकी वाटायला लागलं, लग्नात उगाच रडणाऱ्या मावशीसारखं. विकणारा मुलगा म्हणाला, "काकू, बटणांखालची नावं वाचा ना, तिथे लिहिलंय कशाने कमी होतं." मी म्हटलं, मला कानाने कळतं. खरं म्हणजे मला ती अक्षरं दिसतच नव्हती. चष्म्याच्या दुकानात एकोणीस वर्षं नोकरी करते आणि वाचायचा चष्मा पर्समध्ये ठेवते. त्रेपन्न म्हणजे काही वय नाही.

गुरुवार, १२ ऑक्टोबर

गुरुवारची बैठक. नेहमीप्रमाणे पहिला अर्धा तास नवशिक्यांना मी शिकवलं. मॉड्यूलच्या पाठीला चपटी तार लावायची, तारेच्या एका कडेला लाल रेघ असते, ती खाली आली पाहिजे. उलटी लागली की वीज उलटी शिरते आणि मॉड्यूल मेलं. मी सगळ्यांकडून मोठ्याने म्हणून घेते, "लाल रेघ खाली!" बालवाडीसारखं. हसतात, पण विसरत नाहीत.

मग ओट्टोकार आला. एकाहत्तर वर्षांचा आहे. पूर्वी, शहराच्या मधोमध भिंत होती तेव्हा, पलीकडच्या भागातल्या रेडिओ केंद्रात यंत्रं दुरुस्त करायचा. आता घरी डिले बनवतो, वर्षाला फक्त सहा. त्याच्याकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जुन्या चिपा आहेत, आता कुठे बनत नाहीत. सतरा उरल्यात. त्याच्या डिलेतून आवाज परत येतो तो दर वेळी थोडा काळवंडून, थोडा थकून. ऐकताना माणूस आठवतं. लोक वर्ष वर्ष यादीत नाव घालून थांबतात.

मी काही मागितलं नव्हतं. त्याने खिशातून पुडकं काढून माझ्यापुढे ठेवलं. "घे चष्मेवाली. कार्यक्रमापर्यंत वापर. पण त्या टाकीत तुला डिले लागणारच नाही. भिंतीच परत बोलतात तिथल्या."

"अहो, भिंतींना बटणं कुठे असतात?" मी म्हटलं.

"म्हणून तर त्या बऱ्या."

आमचा त्यार्क जीभ उचलून टाळ्याला लावणारा. तो म्हणाला, "ओट्टोकार, तारेच्या जागेला खाचेचं खोकं का नाही बसवत तुम्ही? सगळे बसवतात. मग तार एकाच बाजूने जाते, चुकायचा प्रश्नच नाही."

"ज्याला तार लावता येत नाही त्याने बासरी वाजवावी," ओट्टोकार म्हणाला. सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी.

त्याची मुलगी अल्मूट न्यायला आली होती. मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाबांचे हात थरथरतात हल्ली. चहाचा कप बशीवर वाजतो. आता हे बास करा म्हणून मागे लागलेय मी." त्याने ऐकलं. "चहा पिताना थरथरतात. डाग देताना नाही," म्हणाला. डाग देणं म्हणजे सोल्डरिंग. तिला पटलेलं नव्हतं.

शनिवार, १४ ऑक्टोबर

लिहू की नको. लिहिते. ही वही कुणी वाचत नाही.

सकाळी नऊला पेटी टेबलावर पालथी घातली. ओट्टोकारचं मॉड्यूल हातात, तार हातात. खिडकीतून भरपूर उजेड. चष्मा पर्समध्ये आणि पर्स बाहेर कोटाखाली. कशाला उठायचं, म्हटलं, शेकडो तारा लावल्यात. बोटांनी चाचपून लावली. बटण दाबलं. एक 'टक्' झालं, आणि मग तो वास. ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. बटण बंद केलं, पर्स आणली, चष्मा घातला आणि बघितलं. लाल रेघ वर होती.

लोका सांगे ब्रह्मज्ञान!

मी तिथेच खुर्चीत बसून राहिले, आणि तेवढ्यात फोन वाजला. ओट्टोकार. अगदी उत्साहात. "काय म्हणतो माझा पठ्ठ्या? बोलतो का?"

आणि मी म्हणाले, "नाही हो. बोलतच नाही. पहिल्यापासूनच गप्प आहे."

शपथेवर सांगते, ठरवून नाही म्हणाले. तोंडातून गेलं. पुढच्याच श्वासाला खरं सांगता आलं असतं. तो "असं?" म्हणाला. मग परत, "असं. मी निघताना तपासला होता. तपासला होता असं वाटतं." आणि मी काय म्हणावं? "होतं असं कधी कधी."

रविवार, १५ ऑक्टोबर

फोन करणार होते. केला नाही.

सोमवार, १६ ऑक्टोबर

तो स्वतः आला, ट्रामने, दोनदा गाडी बदलून. मी सकाळपासून खिडक्या उघड्या टाकल्या होत्या, घर गारठलेलं. दारातच थांबून त्याने हवा हुंगली.

"पाव जळला," मी म्हटलं. विचारलं नव्हतं त्याने.

कॉफी दिली. कप खरंच बशीवर वाजत होता. त्याने पाहिलं की मी बघतेय, आणि कप दोन्ही हातांत धरला. मॉड्यूल पुड्यात गुंडाळताना म्हणाला, "तार तू लावलीस म्हणजे तारेचा प्रश्नच नाही. माझाच कुठलातरी डाग कच्चा राहिला असणार."

दार लावलं आणि मी त्याचा कप विसळला. तीन वेळा विसळला.

गुरुवार, १९ ऑक्टोबर

ओट्टोकार बैठकीला आला नाही. त्यार्कला सगळं माहीत होतं, ओट्टोकारनेच त्याला सांगितलेलं. आणि त्यार्कला सांगितलं म्हणजे गावाला दवंडी. आमच्या फोनवरच्या गटात दोन दिवस हीच चर्चा चालली होती म्हणे, मी उघडून बघितलं नव्हतं. यादीत वर्षभर थांबलेल्या दोघांनी नाव मागे घेतलं.

एकाने मला सरळ विचारलं, "खरंच बंदच आलं होतं?"

पंधरा माणसं माझ्याकडे बघत होती.

"हो," मी म्हणाले. आणि वर, हे तर कुणी विचारलंही नव्हतं, "वय झालं ना त्यांचं."

शेण खाल्लं मी. फोनवर निसटलं ते निसटलं म्हणता येईल. हे निसटलेलं नव्हतं.

शुक्रवार, २० ऑक्टोबर

अल्मूट दुकानात आली. वडिलांसाठी जाड भिंगाचा चष्मा पाहिजे म्हणाली. मी तिच्यासमोर फ्रेमा मांडल्या.

"चार दिवस झाले, कामाच्या टेबलाशी बसतात आणि हातांकडे बघतात," ती म्हणाली. "जेवायला हाक मारली तर येतात. काही बोलत नाहीत. सोल्डरिंग गन मी तळघरात नेऊन ठेवली, तर त्यावरही काही बोलले नाहीत. भांडतील वाटलं होतं." मग तिने माझा हात धरला. "तुम्ही होतात म्हणून कळलं तरी. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर बाबांनी मानलं नसतं. आभार कसे मानू तुमचे?"

मी म्हटलं, तपकिरी फ्रेम त्यांना जास्त शोभेल.

गुरुवार, २६ ऑक्टोबर

टपालाने पुडकं आलं. ओट्टोकारचं मॉड्यूल, दुरुस्त करून! म्हणजे गन तळघरातून वर आली. पाठीला, तारेच्या जागी, नवं काळं खोकं बसवलंय, खाचेचं. ज्या गोष्टीची त्याने जन्मभर टिंगल केली तीच. सोबत चिठ्ठी: "आता एकाच बाजूने बसते. वाजवून बघ. ओ."

बिचारा. स्वतःवरचा विश्वासच उडालाय म्हणून सगळीच सावधगिरी घ्यायला लागलाय. आणि तरी माझं काम अडू नये ही काळजी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चष्मा लावून तार लावली. काय आवाज आहे! एक स्वर दिला, तो परत आला, परत आला, दर वेळी थोडा अंधारत गेला. निवड झाली म्हणायची. हाच. बाकी दोघांची गरज नाही. अर्धा तास वाजवलं आणि मग बंद करून टाकलं. ऐकवेना.

गुरुवार, २ नोव्हेंबर

तो बैठकीला आला, पहिल्या रांगेत बसला. चौघे नवशिके होते. मी तारेचं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "चष्मेवाली, उलटी लावली तर नेमकं काय होतं ते सांग की पोरांना. नीट सांग."

मी सांगितलं. वीज उलटी शिरते, टक् होतं, वास येतो.

"आणि मग लावणाऱ्याने काय करायचं?"

"बटण बंद करायचं," मी म्हणाले.

"एवढंच?"

"हो. आणखी काय?"

"नाही, तूच सांग. मला वाटलं आणखी काही असेल." तो मागे टेकला.

मला बरं वाटलं त्याला असा रस घेताना बघून. जुन्या वळणावर येतोय म्हणायचा. जाताना कोट घालायला मदत केली तर माझ्याकडे बघून म्हणाला, "मी शनिवारी घरीच असतो. दर शनिवारी." आता हे मला कशाला सांगितलं कोण जाणे. एकटं वाटत असेल.

बुधवार, ८ नोव्हेंबर

अल्मूट तपकिरी चष्मा न्यायला आली. म्हणाली, ठरलं एकदाचं. यादीतले आणखी दोघे गेले, आता उगाच ओढण्यात अर्थ नाही. महिनाअखेरीला चिपांचा डबा तांत्रिक शाळेला देऊन टाकायचा. "बाबा काय म्हणतात?" विचारलं. "काहीच नाही. 'बघू, अजून थोडे दिवस थांबू' एवढंच. कशासाठी थांबायचं ते सांगत नाहीत."

सतरातली एक माझ्या दुरुस्तीत गेली, उरल्या सोळा चिपा. त्याच्या वेगाने अजून अडीच-पावणेतीन वर्षांचं काम. शाळेत पोरं त्या एका दुपारी जाळतील.

आणि जाळायचं शिक्षण द्यायला मी आहेच.

शनिवार, ११ नोव्हेंबर

गेले. मॉड्यूल काढून, पुड्यात घालून, सोबत घेतलं. ट्राममध्ये दोनदा उतरून परत चढले. एका म्हातारीला वाटलं मला बरं नाहीये, तिने उठून जागा दिली. तीही घेतली मी.

तो बटाटे सोलत होता. अल्मूट बाजारात गेलेली. मी कोटही काढला नाही.

"ओट्टोकार, तार मी उलटी लावली होती."

"हं," तो म्हणाला. साल तुटली नाही.

"चष्मा घातला नव्हता. आणि तुमचा फोन आला आणि मी खोटं बोलले. आणि बैठकीतही बोलले. तुमच्या वयाबद्दल बोलले."

"वयाचं माहीत नव्हतं," तो म्हणाला. "बाकीचं माहीत होतं. अधिक आणि उणे, दोन्ही बाजू एकदम जळतात ते एकाच कारणाने, वीज उलटी शिरली की. आणि तू सोडून ती तार कुणी हातात घेतली होती? खाचेचं खोकं मी कशाला बसवलं, शोभेला?"

मी मूर्खासारखी उभी. चिठ्ठी, पहिली रांग, 'आणि मग काय करायचं', दर शनिवारी घरी. तीन आठवडे हा माणूस माझ्यासमोर दार उघडं धरून उभा होता आणि मी त्याची कीव करत होते.

"मग बोलला का नाहीत?"

"मी काय बोलायचं? बोलायचं तुला होतं."

"अल्मूटला तरी सांगायचंत!"

"तिने गुरुवारी येऊन तुझी सालटी काढली असती, पंधरा जणांसमोर. मग पोरांना कुणी शिकवलं असतं? मला त्यांच्याशी बोलता येत नाही, मी खेकसतो. तुझं ऐकतात ती."

मी रडायला लागले तेव्हा त्याने सुरी खाली ठेवली. मला वाटलं समजूत घालेल. नाही घातली.

"चिप गेली त्याचं काही नाही," तो म्हणाला. "मीही जाळल्यात, जास्त महागाच्या जाळल्यात. पण ऐक, गेझीने, मॉड्यूल मी पाचव्या दिवशी उघडलं. त्याआधी उघडायची भीती वाटत होती. सोमवार ते शुक्रवार मी या हातांकडे बघत बसलो होतो. चोपन्न वर्षं काम केलं या हातांनी, आणि मी त्यांना म्हणत होतो की संपलं तुमचं. ते चार दिवस आणून दे मला. आणता येतील?"

सहा वर्षांत त्याने मला पहिल्यांदा 'गेझीने' अशी नावाने हाक मारली, 'चष्मेवाली' नाही.

पुडकं टेबलावर ठेवलं. वाटलं, घेऊन जा म्हणेल, कार्यक्रम आहे तुझा. त्याने ते उचललं, मागच्या फळीवर ठेवलं आणि परत बटाटा घेतला.

"गुरुवारी बाकीच्यांना मी सांगते," दारातून म्हणाले.

"तुझं तू बघ," तो म्हणाला.

गुरुवार, १६ नोव्हेंबर

सांगितलं. नवशिक्यांसमोर, तारेचा धडा झाल्यावर, तोच धडा म्हणून. उलटी लावली तर बटण बंद करायचं आणि ज्याचं मॉड्यूल आहे त्याला त्याच दिवशी फोन करून सांगायचं. मी हे केलं नाही. मग काय केलं तेही सांगितलं, वयाच्या वाक्यासकट.

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. मागून एक मुलगी म्हणाली, "पण तुम्ही तर..." हे अर्धं वाक्य मला बरेच दिवस पुरेल.

घरी आल्यावर तेच सगळं गटात लिहिलं. चष्मा लावून, दोनदा वाचून.

शनिवार, १८ नोव्हेंबर

अल्मूट दुकानात आली. तपकिरी चष्म्याची पेटी काउंटरवर ठेवली. "बाबांना याची गरज नव्हती," म्हणाली. "मला आहे. पण माझा मी दुसरीकडून करून घेईन." एवढंच. आवाजही चढवला नाही. माझी सहकारी विचारत होती काय झालं. म्हटलं, फ्रेम आवडली नाही त्यांना.

मग सुधारलं. म्हटलं, मी आवडले नाही त्यांना.

शुक्रवार, २४ नोव्हेंबर

वाद्यांच्या दुकानातले लोक डिजिटलवाला आठवडाभर वापरायला देतो म्हणाले. टेपवालाही. घेतला नाही एकही. त्या चार बोटांच्या भोकात काहीही बसवलं तरी मला तेच भोक दिसणार. उद्या उघडंच राहू दे.

रविवार, २६ नोव्हेंबर

काल झालं एकदाचं. विटांची टाकी, दुपारी चारची वेळ, शंभरेक माणसं कोटांत कुडकुडत. पहिला स्वर दिला आणि हात मागे घेतला, आणि तो गेला, भिंतीभिंतीने फिरला, परत आला. मग मी वाट बघायला शिकले. चाळीस मिनिटांत फार थोडं वाजवलं मी. जे वाजवलं ते सगळं मला ऐकून घ्यावं लागलं, कारण तिथे ते बंद करायचं बटण नाही. मध्ये एक स्वर चुकला. तोही फिरून आला, सगळ्यांनी ऐकला.

तार गुंडाळत होते तर ओट्टोकार समोर. सोबत अल्मूट, नाक मुरडून, पण सोबत. त्याने पेटीत वाकून भोकाकडे बघितलं.

"बरं केलंस," म्हणाला. "सांगितलं होतं ना भिंती आहेत."

"चिपांचा डबा?" मी विचारलं.

"कुठला डबा? काम पडलंय. सोडून गेलेल्यांतले तिघे परत आले." मग अल्मूटकडे बघून, "वही दे तिला."

अल्मूटने पिशवीतून यादीची वही काढली. नावं तिच्या अक्षरात होती, म्हणजे आता यादी ती ठेवते. माझ्या हातात दिली नाही, पेटीच्या कडेवर ठेवली, वर पेन ठेवलं. मी पर्समधून चष्मा काढून लावला, तिच्यासमोर, आणि बघितलं. सहा नावं होती. त्याखाली माझं लिहिलं, सातवं.

वर्षाला सहाच करतो तो.